'इन्दे' म्हणजे तिथून, मग की म्हणून?

तुम्ही लिहिलंय की संस्कृत शिकून झालंय, गेलं वर्षभर एकट्यानेच लॅटिन चालू आहे आणि रोमन कवी व्हर्जिलच्या 'एनेइड' या महाकाव्यात दुसऱ्या सर्गाच्या दुसऱ्याच ओळीवर गाडी अडली. तिथे पहिलाच शब्द 'इन्दे'. कोश म्हणतो: तेथून, नंतर, मग, त्या कारणाने. तुमचे तीन प्रश्न आहेत. या तिघांतला अर्थ निवडायचा कसा? 'इबि' आणि 'एओ' यांचाही अर्थ 'तिथे' दिसतो, मग फरक काय? आणि 'देइन्दे' (मग, त्यानंतर) वृत्तात बसत नाही, ते का?

माझं लॅटिन वसईच्या बाजूच्या घरात ऐकून सुरू झालं, पुढे काही वर्षं सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, घासून घेतलं, आणि ती वाट सोडल्यावर अठ्ठावीस वर्षं शिकवण्यात गेली. या काळात 'इन्दे'वर अडकलेले विद्यार्थी पुष्कळ पाहिले. अडचण सहसा शब्दाची नसते, कोशाने केलेल्या मांडणीची असते. १, २, ३ असे आकडे दिसले की आपल्याला वाटतं, तीन शब्द एका कातड्यात शिरलेत आणि त्यातला एक ओळखून बाहेर काढायचा आहे. माझ्या मते 'इन्दे'ला अर्थ एकच: 'त्यापासून'. ते 'ते' काय आहे एवढंच दर वेळी शोधायचं. 'ते' गाव असेल तर तिथून, प्रसंग असेल तर त्यानंतर, वस्तू असेल तर त्यातून, दोष असेल तर त्यामुळे.

मराठी माणसाला हे परकं वाटायला नको. 'तिथून पुढे त्याचं नशीब फिरलं' या वाक्यात कुठलं गाव आहे? 'इथून पुढे असं करणार नाही' म्हणणारं पोर कुठे उभं आहे याच्याशी आईला काही घेणं नसतं. 'त्यातूनच भांडण पेटलं' म्हणताना आपण कशाच्या आत नसतो. आपली पंचमी स्थळावरून काळावर आणि काळावरून कारणावर अशी सहज घसरते की आपलं लक्षही जात नाही. संस्कृतात तर तुम्ही हे रोज वाचता. 'ततः' म्हणजे तिथून, आणि तोच 'ततः प्रविशति' मध्ये 'मग' होतो. नाटकातलं एखादं पात्र कुतूहलाने 'ततस्ततः?' विचारतं तेव्हा त्याला पत्ता नको असतो, पुढची गोष्ट हवी असते. 'इन्दे' हा लॅटिनचा 'ततः' आहे असं धरून चाललात तर दहातल्या आठ जागा कोश न उघडता सुटतील.

उरलेल्या दोन जागांसाठी एक युक्ती सांगतो, मी वर्गात हीच वापरतो. 'इन्दे' झाका आणि त्या जागी 'आब' (पासून, कडून) किंवा 'एक्स' (मधून) हे शब्दयोगी अव्यय घेऊन मागच्या वाक्यातलं एकेक नाम लावून पाहा. जे बसेल ते तुमचं 'ते'. सीझरने स्वतःच हे एका वाक्यात करून दाखवलंय. 'गॅलिक युद्धा'च्या पहिल्या पुस्तकातलं दहावं प्रकरण, साल इसवी सनापूर्वी ५८. सैन्य घेऊन तो आल्प्स ओलांडतोय. ओकेलुमहून निघून सातव्या दिवशी वोकोन्तिई लोकांच्या मुलखात पोचतो. मग वाक्य येतं: 'इन्दे इन आल्लोब्रोगुम फीनेस, आब आल्लोब्रोगिबुस इन सेगुसिआवोस एक्सेर्कितुम दूकित'. तिथून आल्लोब्रोगेसच्या हद्दीत, आल्लोब्रोगेसकडून सेगुसिआवींच्यात सैन्य नेतो. पहिल्या टप्प्याला 'इन्दे', दुसऱ्याला 'आब' आणि नाव. दोन्हींचं काम एकच. पहिल्या ठिकाणी नाव नुकतंच येऊन गेलं होतं, म्हणून 'इन्दे'वर भागलं.

आता तुमची ओळ. आधीच्या ओळीसकट ती अशी: 'कोन्तिकुएरे ओम्नेस, इन्तेन्तीक्वे ओरा तेनेबान्त, इन्दे तोरो पातेर ऐनेआस सीक ओर्सुस आब आल्तो.' सगळे चिडीचूप झाले, टक लावून बसले. इन्दे, उंच आसनावरून पिता एनिअस असं बोलू लागला. तुम्हाला 'तिथून' म्हणायचा मोह का झाला ते कळतं, कारण पुढेच 'आसनावरून' आहे. पण तेच तर 'तिथून'च्या विरुद्ध जातं. कुठून बोलला हे 'तोरो … आब आल्तो'ने सांगून टाकलंय, आणि त्या दोन टोकांमध्ये कवीने एनिअसला नेऊन बसवलंय. जागा एकदा सांगितल्यावर पुन्हा 'तिथून' कशाला? शिवाय मागच्या ओळीत युक्ती लावून पाहा. तिथे गाव नाही, घर नाही, खोली नाही. आहे ती एक घटना, सगळे गप्प झाले. 'इन्दे'चं बोट त्या शांततेकडे आहे. मी 'मग' असंच भाषांतर करेन. 'तेव्हा कुठे' सुद्धा चालेल, आणि मराठीत ते जास्त गोड लागेल.

हे सगळं संदर्भावर अवलंबून आहे हे कबूल करायला हवं. कवितेत अशाही जागा भेटतात जिथे स्थळ आणि काळ दोन्ही शक्य असतात, आणि कवीला दोन्ही हवे असतात. तिथे टीकाकार भांडतात, आपण दोन्ही अर्थ मनात ठेवून पुढे जावं. गद्यात मात्र अशी मुभा क्वचित लागते.

गद्यातला माझा आवडता 'इन्दे' लिव्हीचा आहे. रोमच्या इतिहासाचे १४२ खंड त्याने लिहिले, त्यातले ३५ उरलेत, आणि सुदैवाने प्रस्तावना उरलीय. इतिहास वाचून फायदा काय, हे सांगताना तो म्हणतो की सगळ्या प्रकारचे दाखले एखाद्या ठळक स्मारकावर कोरल्यासारखे तुमच्यासमोर असतात. 'इन्दे तिबि तुऐक्वे रेई पूब्लिकै क्वोद इमितेरे कापिआस', आणि लगेच पुन्हा 'इन्दे', जे सुरुवातीला आणि शेवटाला घाणेरडं ते टाळायला. त्यातून तुझ्यासाठी आणि तुझ्या राज्यासाठी अनुकरणाचं उचल, त्यातूनच टाळायचं काय तेही उचल. इथे 'इन्दे' स्मारकाकडे बोट दाखवतो, म्हणजे म्हटलं तर जागाच, पण मराठीत 'तिथून' लिहिलंत तर वाक्य मरतं. 'त्यातून' हवं. अर्थ कळणं आणि मराठी शब्द सापडणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि कोश त्यांची सरमिसळ करतो असं माझं जुनं गाऱ्हाणं आहे.

कारणाच्या अर्थाला रोमन उपहासकवी ज्युवेनल घ्या. पहिल्याच उपहासिकेच्या शेवटाकडे तो म्हणतो की जुना उपहासकवी लुकिलिउस तलवार उपसल्यासारखा गरजला की ऐकणारा लाल होतो, कारण गुन्ह्यांनी मन गारठलेलं असतं आणि आतल्या आत घाम फुटत असतो. आणि मग चारच शब्द: 'इन्दे ईरै एत लाक्रिमै'. त्यातूनच राग नि रडणं. 'म्हणून' केलंत तरी चुकणार नाही, पण 'त्यातूनच'मध्ये पाझर फुटल्यासारखं जे आहे ते 'म्हणून'मध्ये येत नाही. याच्या शेजारी नाटककार टेरेन्सचं वाक्य ठेवून पाहा. इसवी सनापूर्वी १६६मध्ये रंगमंचावर आलेल्या 'आन्द्रिआ'त एक बाप अंत्ययात्रेत मुलाला रडताना पाहतो. मुलगा फार हळवा म्हणून तो खूशही होतो. मग मृत बाईची सुंदर बहीण दिसते आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो: 'हिंक इल्लै लाक्रिमै', अच्छा, ते अश्रू ह्यामुळे होय! ज्युवेनलचा 'इन्दे' मागे सांगितलेल्या गोष्टीकडे वळतो. टेरेन्सच्या बापासमोर पुरावा उभा आहे, म्हणून 'हिंक', इथून.

यातून 'इन्दे'चा स्वभाव कळतो. तो डोळ्यांसमोरच्या वस्तूकडे बोट दाखवणारा शब्द नाही, बोलून झालेल्याची आठवण करून देणारा आहे. त्याच्यातला 'इ' म्हणजे 'इस, एआ, इद' या सर्वनामातला 'इ', जो आधी बोलण्यात आलेल्याकडे जातो. समोरच्या टेकडीकडे हात करून 'तिथून' म्हणायचं तर रोमन माणूस 'इल्लिंक' म्हणेल. आणि तुमच्या बाजूने, तुम्ही आहात तिथून, असं म्हणायचं तर 'इस्तिंक'. आपल्या जुन्या पत्रांत 'इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे' असायचं ना, ते 'तिकडील' लॅटिन पत्रात 'इस्तिक' होतं. मराठीत तुमचं 'तिकडे' आणि तिसऱ्याचं 'तिकडे' एकच. सिसेरोची पत्रं वाचायला घेतलीत तर हा भेद पहिल्या पानापासून कामाला येईल.

माणसांसाठीही ही अव्ययं चालतात, याचं विद्यार्थ्यांना नवल वाटतं. रोमन कायद्यात प्रतिवादीला 'इस उन्दे पेतितुर' म्हणत, ज्याच्याकडून मागितलं जातं तो. 'उन्दे' म्हणजे 'कुठून, जिथून', 'इन्दे'चा प्रश्नार्थक नि संबंधी भाऊ. एक माणूस 'जिथून' कसा? पण जुन्या मराठी कादंबऱ्यांत नवऱ्याचं नाव न घेणारी बायको 'तिकडून निरोप आला' म्हणते, 'इकडून यायचं कधी होणार' असं नवऱ्यालाच विचारते, तेव्हा आपण कुठे अडतो? तिची कारणं वेगळी होती, व्याकरण मात्र तेच.

इथपर्यंत मराठी कानाने आपल्याला मदत केली. आता जिथे तो दगा देतो त्या दोन जागा. तुमचा 'इबि' आणि 'एओ'चा प्रश्न त्यातली एक.

मराठीत 'तो तिथे आहे' आणि 'तो तिथे गेला', दोन्हीकडे 'तिथे'. लॅटिनला हे चालत नाही. असणं असेल तर 'इबि', जाणं असेल तर 'एओ'. तसंच 'कुठे आहेस' हे 'उबि', आणि 'कुठे चाललास' हे 'क्वो'. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात पेत्र विचारतो ते 'दोमिने, क्वो वादिस?' तिथे 'उबि' घातलं तर प्रश्नच मोडतो. 'उबि–इबि'ची जोडी कानात बसवायची असेल तर पवित्र गुरुवारचं गीत पुरेसं आहे: 'उबि कारितास एत आमोर, देउस इबि एस्त'. जिथे माया नि प्रेम, तिथे देव. क्रियापद स्थिर आहे म्हणून 'इबि'. 'एओ'ला आणखी एक खोड आहे. तो सर्वनामाचं रूप म्हणूनही येतो, आणि 'एओ मागिस' म्हणजे 'म्हणूनच जास्त'. तेव्हा 'एओ' दिसला की आधी वाक्यात जाण्याचं क्रियापद आहे का ते पाहा.

दुसरी जागा जास्त फसवी, आणि तिच्यात मी स्वतः चांगला आपटलोय. मराठी 'तिथून' दोन कामं करतो. 'तो तिथून आला' म्हणजे ते निघण्याचं ठिकाण. पण 'रिक्षा तिथून जात नाही, रस्ता खोदलाय' यातला 'तिथून' म्हणजे त्या वाटेने. 'इन्दे' फक्त पहिलं काम करतो. वाटेसाठी लॅटिनमध्ये वेगळा शब्द आहे, 'एआ', शेवटचा स्वर दीर्घ, मनात 'विआ' म्हणजे वाट धरलेली. सेमिनरीत दुसऱ्या वर्षी 'त्यांनी तिथून नदी ओलांडली' याचं मी ऐटीत 'इन्दे' घालून लॅटिन केलं. आमचे म्हातारे फादर फळ्याजवळ गेले, खडूने एक आडवी नदी काढली, काठापासून वीतभर दूर एक गाव काढलं आणि विचारलं, "तुझं सैन्य इथून उडी मारून पलीकडे गेलं काय?" वर्ग खूप वेळ हसला. 'एआ फ्लूमेन त्रान्सिएरुन्त' हवं होतं. या प्रकारचा नमुना सीझरच्या त्याच पुस्तकात, वरच्या उताऱ्याच्या दोनच प्रकरणं आधी आहे. हेल्वेती लोक ऱ्होन नदी पार करू बघतात ती 'क्वा मिनिमा आल्तितूदो फ्लूमिनिस एरात', जिथून पाणी सगळ्यांत उथळ होतं. 'उन्दे' नाही, 'क्वा'. मराठीत दोन्ही 'जिथून'च, म्हणून लॅटिन लिहिताना दर 'तिथून'पाशी थांबून निघणं की ओलांडणं एवढं विचारायची सवय लावा. वाचताना हा घोळ होत नाही, लिहिताना हटकून होतो.

लिहिण्याचाच विषय निघाला म्हणून आणखी एक. 'म्हणून' या अर्थी 'इन्दे' वाचायला शिका, पण निबंधात वापरू नका. त्यासाठी 'इताक्वे', 'इगितुर', 'एर्गो' आहेत. नुसत्या क्रमासाठीही 'प्रीमुम … देइन्दे … पोस्त्रेमो' (आधी … मग … शेवटी) बरं. 'इन्दे'चा एक वाक्प्रयोग मात्र बिनधास्त उचला: 'याम इन्दे आब', म्हणजे 'अगदी …पासूनच'. 'याम इन्दे आ प्रिंकिपिओ', सुरुवातीपासूनच. आणि वनस्पतिशास्त्राची जुनी वर्णनं चाळण्याची वेळ आली तर 'हिंक इन्दे' भेटेल. मूळ अर्थ 'इकडून तिकडून', तिथे अर्थ 'अधूनमधून, इथे तिथे'. नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्येच हवं हा नियम २०११च्या अखेरपर्यंत होता, त्यामुळे हे लॅटिन वाटतं तेवढं जुनंही नाही.

सरावासाठी मी 'उन्दे'च्या तीन ओळी देतो. तिन्ही चर्चच्या लॅटिनमधल्या आहेत, त्यामुळे सोप्या, आणि आमच्या वडिलांच्या पिढीला मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, ऐकून पाठ होत्या. पहिली स्तोत्रातली: डोळे डोंगरांकडे लावले, 'उन्दे वेनिएत आउक्सिलिउम मिहि', जिथून मला मदत येईल. दुसरी 'दिएस ईरै' या अंत्यविधीच्या गीतातली: लिहिलेला ग्रंथ आणला जाईल, 'उन्दे मुन्दुस यूदिकेतुर', ज्यावरून जगाचा न्याय होईल. तिसरी मिस्साविधीच्या जुन्या प्रार्थनेतली, अर्पणाच्या शब्दांनंतर लगेच येणारी: 'उन्दे एत मेमोरेस', म्हणून आम्हीही स्मरण करून. डोंगर, ग्रंथ, आज्ञा. स्थळ, साधन, कारण. शब्द तसूभर बदलला नाही, मागे उभं असलेलं नाम बदललं. आणि 'इन्दे' हवा असेल तर प्रेषितांच्या श्रद्धांगीकारात आहे: पित्याच्या उजवीकडे बसला आहे, 'इन्दे वेन्तूरुस एस्त', तेथून तो न्याय करायला येणार आहे. मराठी प्रार्थनेतला 'तेथून' लहानपणी मी हजारदा म्हटला असेन. त्याच्यामागे हा शब्द आहे हे कळलं तेव्हा उगाचच आनंद झाला होता.

तुम्हाला संस्कृत येतं म्हणून एक गंमत सांगतो. 'उबि' नि 'उन्दे'ला पूर्वी सुरुवातीला 'क' होता. एकटे असताना तो गळला, जोडशब्दात अडकला तिथे टिकला: 'आलिकुबि' म्हणजे कुठेतरी, 'आलिकुन्दे' म्हणजे कुठूनतरी. वेदातला 'कुह' आणि आपले 'कुठे', 'कुठून' यांचा 'क' तोच. संस्कृतच्या 'मूलतः'मधल्या 'तः'चाही सख्खा भाऊ लॅटिनमध्ये आहे, 'रादीकितुस' म्हणजे मुळापासून, 'काइलितुस' म्हणजे स्वर्गातून. 'इन्दे'तला 'दे' मात्र वेगळा, त्याला 'तः'ची जोड देऊ नका. अर्थ जुळतो, प्रत्यय नाही. पुढच्या काळात 'उन्दे'चं पोर्तुगीजमध्ये 'ओंद' झालं आणि अर्थ 'कुठून' न राहता नुसता 'कुठे' झाला. मग 'कुठून' म्हणायला त्यांना पुन्हा 'दे' लावून 'दे ओंद' करावं लागलं. फ्रेंचमध्ये 'इन्दे' झिजून झिजून 'आँ' एवढाच उरला, आणि 'त्यातलं थोडं दे' म्हणताना फ्रेंच माणूस दिवसभर तो वापरतो.

राहता राहिला 'देइन्दे'. कोशात तुम्हाला तो दे-इन्-दे असा तीन अक्षरांचा दिसतो, म्हणून तुम्ही षट्पदीत, म्हणजे व्हर्जिलच्या सहा गणांच्या ओळीत, तीन मोजता आणि ओळ फुटते. कवितेत 'ए' आणि 'इ' एकत्र म्हणतात, 'देइन्-दे', दोनच अक्षरं, पहिलं गुरू. 'प्रोइन्दे'चंही तसंच, 'ओ-इ' एका दमात. तो अर्थाने मात्र वेगळ्या घरचा, 'तेव्हा आता…' म्हणत पुढे बहुधा आज्ञा आणणारा. भाषणात तो दिसला की वक्ता आता लोकांना कामाला लावणार असं समजा. या दोन सूचना घेऊन तुमची अडलेली पानं पुन्हा मोठ्याने म्हणून पाहा, आणि तरीही एखादी ओळ बसली नाही तर ती ओळच्या ओळ पाठवा. नुसता शब्द पाठवलात तर मला त्याचं 'ते' सापडणार नाही.